अकरा किलो अण्णा

चूक माझी होती असं मी आजही कबूल करणार नाही. पूर्ण माझी तर नाहीच नाही. पण एका पावसाळ्यात माझे वडील अकरा किलोंनी कमी झाले, मी त्यांच्यासमोर बसून रोज दोन वेळा जेवत होते आणि मला पत्ता लागला नाही, हे खरं आहे. त्यातून मी बी.एस्सी.ला होते. विषय जीवरसायनशास्त्र. खाल्लेल्या अन्नाचं शरीरात काय काय होतं, हे शिकायला रोज दोन बस बदलून जात होते. आता बोला!

लोक विचारतात, "अगं, पण अंगावरचे कपडे ढगळ दिसले नाहीत का?" तोच तर घोळ झाला. आमचे अण्णा शिंपी होते. दुसऱ्या कुणाचा बाप वाळला की सदरा खांद्यावरून उतरतो, पँट कमरेवर ठरत नाही, शेजारीपाजारी विचारतात, "काय हो, बरं नाही का?" माझ्या बापाचे कपडे मात्र दर रविवारी त्याच्या मापाचे होत होते. दुकान बंद असलं की अण्णा स्वतःचे सदरे घेऊन मशीनवर बसायचे, बाजूची शिवण उसवायची, दोन बोटं आत घ्यायची, टीप मारायची, झालं. सोमवारी पुन्हा टापटीप. उलट मला वाटायचं, या वयात अण्णा किती छान दिसायला लागलेत! मी मैत्रिणींना तसं सांगितलंसुद्धा होतं. शेण खावं ते असं.

आमचं घर बेंगळुरूच्या जुन्या पेठेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. आमचे पूर्वज इकडे कधी आले ते नेमकं कुणालाच माहीत नाही, पण इतकी वर्षं झाली की आमच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात आणि आम्ही त्यांच्या वरणाला. अण्णा कापड बेतायचे आणि शिवायचे, आई काजं करायची आणि बटणं लावायची. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या लहान लहान कारखान्यांतून कामगारांच्या खाकी कपड्यांचं काम यायचं. खाकीचे थरावर थर टेबलावर टाकून अण्णा ती मोठी लोखंडी कात्री चालवायचे, तेव्हा मागच्या खोलीत माझ्या पुस्तकापर्यंत आवाज यायचा. आमच्याकडे कुणी घड्याळ बघायचं नाही, कात्री थांबली की जेवायची वेळ झाली असं धरायचं.

आणि मी मागे बसून घोकत असायची. दसऱ्याच्या आधी आमची परीक्षा होती. घोकताना माझा आवाज चढतो, ही लहानपणची खोड. त्या वर्षी सगळा भर इन्सुलिनवर होता, कारण शिकवणाऱ्या बाईंनी तीनदा सांगितलं होतं, "हे येणार." साखर वगैरे सगळ्यांनाच माहीत असतं, पण बाईंना प्रेम होतं प्रथिनांवर. चार मुद्दे होते. इन्सुलिन अमिनो आम्लांना स्नायूंच्या आत घेऊन जातं. त्यांची जोडणी करून नवीन मांस बांधतं. बांधलेलं मांस मोडू देत नाही. आणि यकृताला त्या अमिनो आम्लांची साखर करू देत नाही. मी हे इंग्रजीत म्हणायची, पण अण्णा विचारायचे म्हणून मराठीतही सांगायची.

"हा इन्सुलिन फार कामाचा माणूस दिसतोय," अण्णा एकदा दुकानातून ओरडले. "आणतो, जोडतो, मोडू देत नाही. आपल्याकडे ठेवून घेऊ या का?"

"अण्णा, मध्ये बोलू नका, माझा तिसरा मुद्दा जातो."

"सरी, सरी," ते कन्नडात म्हणाले, "बरं, चालू दे तुझं." मग ते उठून मागे आले, माठातलं पाणी तांब्याने प्यायले, पुन्हा एक तांब्या प्यायले, आणि न्हाणीघराकडे गेले. तो त्यांचा दिवसातला कितवा फेरा होता कोण जाणे. मी काय केलं असेल? मी चिडले. म्हटलं, "माठ भरायचा कुणी? जरा बेताने प्या की!" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा पाणी पीत माझ्यासमोर उभा होता.

परीक्षेत प्रश्न आला. दहा मार्कांना. मी चार मुद्दे लिहिले, आकृती काढली, बाणांना दोन रंग दिले. दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क गेला तो एक बाण उलटा काढला म्हणून, आणि त्या एका मार्कासाठी मी दोन दिवस तोंड पाडून बसले होते.

मग आयुधपूजा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरूत जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो. रिक्षावाला रिक्षाची, बसवाला बसची. आमच्याकडे दोन्ही मशीन, कात्र्या, टेप, सुयांची डबी, सगळं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं घालून मांडलेलं. आणि एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सुईलासुद्धा नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर तसंच फिरायचं. शिवाय आमच्या घरचा आणखी एक रिवाज होता. शिंप्याने लग्नात स्वतःच्या हाताने शिवलेला कोट घालायचा, तो दरवर्षी पूजेला काढायचा, आणि त्या कोटाला पुन्हा कधी कात्री लावायची नाही. पोट सुटलं तर बटणं उघडी ठेवायची. अण्णांची बटणं गेली दहा वर्षं उघडीच होती.

येलहंक्याहून आत्या आली होती. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण, ते तिला अक्का म्हणायचे. आत्या वर्षातून दोनदा यायची, पण आली की सगळ्या वर्षाचं बोलून जायची. ती ओसरीवर कोहळ्याला कुंकू लावत बसली होती, तेवढ्यात अण्णा कोट घालून बाहेर आले.

"अरे, हे काय!" आत्या किंचाळली. "कोट आलाय, माणूस कुठाय?"

मी वर पाहिलं. कोटाची बटणं लावलेली होती. सगळी. आणि तरी त्या कोटात आणखी एक अण्णा आरामात मावले असते. खांदे दंडावर उतरले होते, बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती, मानेभोवती कॉलर नुसती उभी होती. अण्णांनी सवयीने सुयांच्या डबीकडे पाहिलं. डबीवर झेंडूचं फूल होतं. हात लावायची सोय नव्हती. जन्मात पहिल्यांदा आमचा शिंपी उघडा पडला.

"कापड सैल पडलंय," अण्णा म्हणाले. "जुनं आहे ना. जुनं कापड वाढतं."

"कापड धुतल्यावर आटतं की रे, मेल्या! चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तूच सांगत आलास!" आत्याने कोहळा बाजूला ठेवला आणि त्यांचा दंड धरला. तिच्या मुठीत तो पुरा मावला. आत्या एकदम गप्प झाली. आमची आत्या गप्प झालेली मी तोवर पाहिली नव्हती, आणि मला भीती वाटली. आई आत निघून गेली. मला वाटलं, दूध उतू जात असेल.

तिसऱ्या दिवशी आम्ही अण्णांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कन्नड, वयस्कर, आणि कुणाचंही ऐकून न घेणारे. तपासणीचा कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"स्वल्प शुगर आहे का, डॉक्टर?" अण्णांनी लाडात विचारलं. आमच्या शहरात सगळं स्वल्पच असतं. रिक्षावाला स्वल्प थांबतो, पाऊस स्वल्प पडतो, जागा स्वल्प सरकून द्यायची असते.

"स्वल्प नाही," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ आहे. वजन इतकं उतरलंय म्हणजे गोळ्यांनी भागायचं नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज दोन वेळा."

अण्णा खुर्चीतून उठले. सुईवर संसार केलेला माणूस, बोटात सुई घुसली तर दाताने उपटून काम चालू ठेवणारा, तो इंजेक्शनाच्या नावाने दाराशी जाऊन उभा राहिला. कारण मला माहीत होतं. आमच्या आजोबांना शेवटच्या आजारात हेच इंजेक्शन दिलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. ते आधीपासून जात होते, पण अण्णांच्या मते इंजेक्शनाने गेले. "ती सुई लागली की माणूस परत येत नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं.

"पंधरा दिवस द्या," अण्णा दारातून म्हणाले. "गोळ्या घेतो. साखर सोडतो. आणि मांस गेलंय ना? मग मांस भरतो. खाऊन भरतो. अंडी खातो, कडधान्य खातो. कापड कमी पडलं तर माणूस कापड आणतो, सुई कशाला टोचून घेईल?"

डॉक्टर कन्नडमधून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. पण शेवटी पंधरा दिवस दिले, गोळ्या लिहिल्या, आणि मला बजावलं की उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर विचारत बसू नका, उचलून आणा.

पुढचे ते दहा-अकरा दिवस आठवले की मला हसू येतं, आणि मग स्वतःचा राग येतो. सकाळी सहा उकडलेली अंडी. दुपारी कुळथाचं कढण, ज्याला आम्ही घरी हुरळीचं सार म्हणतो, वाडगा भरून. चारला भिजवलेले हरभरे. रात्री मूग. भात बंद, गूळ बंद, केळं बंद. घरात एवढी डाळ शिजली की आईच्या साडीला वास लागला. आणि खाल्लेल्या कडधान्याचे जे परिणाम व्हायचे ते झाले. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहायचं, अण्णा टेप घेऊन खाली वाकायचे, आणि मागच्या खोलीत मी पुस्तकात तोंड खुपसायची. एका बाईंनी तर माप न देताच कापड ठेवलं आणि सांगितलं, "अण्णा, मागच्या वर्षीचंच धरा."

मी हातभार लावायचं ठरवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विचारून एक निळ्या द्रावणाची बाटली आणि दोन काचनळ्या आणल्या. हे निळं द्रावण थोडं नळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, आणि भरपूर असेल तर थेट विटेचा रंग. आईला जेव्हा कळलं की मी कशाचे थेंब उकळणार आहे, तेव्हा तिने मला गॅसच्या आसपास फिरकू दिलं नाही. जुना वातीचा स्टोव्ह काढून दिला आणि म्हणाली, "परसात बस. आणि ती नळी माझ्या भांड्यांत घासलीस तर याद राख."

मग रोज सकाळी परसात आमची प्रयोगशाळा. मी स्टोव्हपाशी उकिडवी, अण्णा स्टुलावर, गळ्यात टेप. आणि रंग ठरवायचे ते अण्णा. रंगात त्यांना कोण शिकवणार? जन्म कापडात गेलेला. मी म्हणायची "हिरवट", ते म्हणायचे, "हिरवट काय गं, नीट बोल. बॉटल ग्रीन." दुसऱ्या दिवशी, "हा मोहरी." तिसऱ्या दिवशी नळी उजेडात धरून, मान तिरकी करून, "हा पीण्याच्या खाकीच्या जवळ जातोय. पण खाकीत एवढा लाल नसतो." पाचव्या दिवशी त्यांनी काही बोलायच्या आधीच मला दिसलं. आमच्या गल्लीतल्या शाळेच्या स्कर्टचा रंग. पक्का वीटकरी.

"तुझी बाटली खराब आहे," अण्णा म्हणाले.

मी माझ्या लघवीवर तोच प्रयोग करून दाखवला. निळा तो निळाच. "मग हरभरे गोड असतील," अण्णा म्हणाले. हरभरे बंद केले. तरी वीटकरी. "कांदा गोड असतो." कांदा बंद. तरी वीटकरी. मी त्यांच्या खिशात खडीसाखर शोधली, देवघरातला प्रसादाचा डबा कुलपात ठेवला, आणि एकदा तर दुकानातल्या खडूला जीभ लावून बघितली. वीटकरी! नऊ-दहा दिवस हा माणूस निव्वळ अंडी आणि डाळीवर होता, आणि अंगातून साखरेचा पूर आल्यासारखी नळी लाल होत होती. मी म्हटलं, "अण्णा, खरं सांगा, कुठे पेढे खाता?" तर अण्णांचे डोळे भरून आले. "आई शप्पथ गं, जिभेला नाही लावलं," ते म्हणाले. मला इतकी लाज वाटली की मी नळी तशीच टाकून कॉलेजला गेले.

अकराव्या दिवशी कात्री थांबली. जेवायची वेळ झाली नव्हती. मी पुढे जाऊन बघितलं. टेबलावर खाकीचे थर होते, कात्री अर्ध्या वाटेवर कापडात रुतून उभी होती, आणि अण्णा दोन्ही हातांनी ती दाबत होते. ती मिटत नव्हती. त्यांच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या होत्या. मला बघून ते म्हणाले, "धार गेलीय." आई बसल्या जागेवरून उठली, त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि उरलेलं कापड सरळ कापून दिलं. धार शाबूत होती.

अण्णा खाली बसले. "सहा अंडी खातो गं रोज," ते मला म्हणाले. "जातात कुठे?"

आणि तिथे, खाकीच्या चिंध्यांत उभं राहून, माझी ट्यूब पेटली. चौथा मुद्दा! कितीदा घोकलेला तो मुद्दा, आकृतीत दोन रंगांचे बाण काढून बाईंना दाखवलेला, तो मुद्दा आमच्या परसात रोज सकाळी नळीत लाल होत होता, आणि मी हरभऱ्याला दोष देत होते.

"अण्णा, ऐका," मी म्हटलं. "समजा दुकानात कापडाचे बेतलेले तुकडे येऊन पडलेत. तुमची अंडी, डाळ, सगळे ते तुकडे. पण शिवणारा मास्तरच नाही. मग तुकड्यांचा सदरा कसा होणार? तुम्ही आणखी दहा गठ्ठे आणून टाका, सदरा होणार नाही. तो मास्तर म्हणजे इन्सुलिन."

"हं."

"आणि मास्तर नाही म्हणून दुकानातली बाकीची माणसं मोकाट सुटलीत. त्यांना चूल पेटवायचीय. ते आणलेले तुकडे तर जाळतातच, वर हँगरला टांगलेले शिवून तयार सदरेही उसवतात आणि तेही जाळतात. अंड्याची साखर होतेय. डाळीची साखर होतेय. आणि ती संपली की तुमच्या दंडाची, मांडीची साखर होतेय. ती साखरसुद्धा तुम्हाला वापरता येत नाही, कारण तिथेही मास्तरच लागतो. ती लघवीवाटे जाते. नळीत रोज लाल दिसतं ना, त्यात नुसती अंडी नाहीत. त्यात तुम्ही आहात."

अण्णांनी गळ्यातला टेप काढून आपल्या दंडाला लावून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मी मलाच खातोय?"

"हो."

"हे तुला शिकवलंय?"

"हो."

"परीक्षेत आलं होतं?"

"आलं होतं."

"बरोबर लिहिलंस?"

"दहापैकी नऊ."

"मग," अण्णांनी अगदी साधेपणाने विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?"

मी भडकले. उत्तर नसलं की मी भडकते, आजही. "मला कसं कळणार?" मी ओरडले. "दर रविवारी सदरे आत घेत होतात चोरून! तुम्ही सांगायचं नाही? वाळत चाललात हे तुम्हाला कळत नव्हतं? माप घेणारा माणूस तुम्ही! आई, तुला तरी काही दिसलं नाही?"

आईने कात्री टेबलावर ठेवली. "दिसलं की," ती म्हणाली. "कॉलरची बटणं मीच सरकवत होते. चार महिन्यांत तीनदा."

"आणि गप्प बसलीस?"

"मी म्हटलं यांना, चला डॉक्टरकडे. हे म्हणाले, आता काही काढू नको, पोरीची परीक्षा आहे. दवाखाना सुरू झाला की तिचं लक्ष उडेल. परीक्षा झाली की दसरा झाल्यावर बघू." आई पदराने कात्री पुसायला लागली, पुसायची काही गरज नसताना. "तू मागे बसून ते म्हणत होतीस ना, मांस बांधतं, मोडू देत नाही, तेव्हा हे इथे टाके उसवत होते. मला हात करून सांगायचे, गप्प, तिचा तिसरा मुद्दा चाललाय."

मी तिथेच चिंध्यांवर बसले आणि भोकाड पसरलं. एकोणीस वर्षांची घोडी, नाक वाहेस्तोवर रडले. अण्णा गोंधळले. त्यांना माझं रडं कधीच सोसायचं नाही. थोडा वेळ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग उठले, पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. उठ. टोचू दे त्या डॉक्टरला. पण तू समोर थांबायचंस. तुझ्या त्या मास्तरावर माझा अजून भरवसा नाही."

टोचायला शिकली ती आई. डॉक्टरांनी मोसंब्यावर करून दाखवलं, आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?" तीस वर्षं काजं केलेला हात तो. इन्सुलिनची बाटली आम्ही डबीत घालून ओल्या फडक्यात, माठाशेजारी गार जागेत ठेवली, कारण फ्रिज आमच्याकडे नव्हता. पहिल्या दिवशी सकाळी अण्णा देवाला नमस्कार करून आले, दुकानाची फळी लावून घेतली, सदरा वर केला, डोळे गच्च मिटले आणि आजोबांचं नाव घेऊन ओरडायला लागले.

"अहो, काय हे! ओरडताय कशाला?"

"टोचतंय!"

"अजून टोचलं नाही."

"मग टोच की एकदाची! जीव टांगणीला लावू नको!"

"अहो, झालंसुद्धा टोचून."

अण्णांनी एक डोळा उघडला. पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे झालं?" ते म्हणाले. "यासाठी मी दोन अडीचशे अंडी खाल्ली?" अंडी इतकी नव्हती, पण त्या वेळी मी दुरुस्ती केली नाही.

तिसरा दिवस आला तेव्हा घरात सगळ्यांनाच धास्ती होती. आजोबा तिसऱ्या दिवशी गेले होते ना. आत्या तर सकाळीच येलहंक्याहून येऊन बसली होती, तोंडाने रामरक्षा, नजर भावावर. अण्णांनी दिवसभर मशीनवर टिपा मारल्या, दर तासाने "मी आहे बरं का" असं सांगितलं, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना आत्याच्या गळ्यात पडून दोघं लहान मुलांसारखी रडली.

महिनाभरात अण्णांच्या गालावर मांस आलं. अंडी तीच, डाळ तीच, आता मास्तर हजर होता म्हणून अंगी लागत होती. डॉक्टरांनी सहांवरून दोन अंड्यांवर आणलं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानंतर वीस वर्षं अण्णा कात्री चालवत होते.

पण त्या वीस वर्षांत मला त्यांनी सुखाने जगू दिलं नाही. कुणीही गिऱ्हाईक माप द्यायला आलं, मी दुकानात दिसले, की अण्णा टेप हातात धरूनच सुरू व्हायचे. "ही आमची पोरगी. हिची मोठी परीक्षा होती. युनिव्हर्सिटीची. मला कळत होतं हो, माझं अंग जातंय. पण म्हटलं, जाऊ दे. अकरा किलो गेले. पोरीच्या परीक्षेसाठी मी अकरा किलो मांस दिलंय अंगावरचं! आणि हिने काय केलं? दहापैकी नऊ!" गिऱ्हाइकं माझ्याकडे आदराने बघायची. एकदा एका म्हाताऱ्याने तर खाली वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णा फुशारून जायचे. त्यांना एवढं खूश झालेलं मी दुसऱ्या कशाने पाहिलं नाही, माझ्या लग्नातही नाही.

ती मोठी परीक्षा नव्हती. युनिव्हर्सिटीची तर नव्हतीच. ती बाईंनी वर्गात घेतलेली नुसती चाचणी होती. तिचे मार्क कुठेच धरले जात नव्हते. निम्म्या मुली त्या दिवशी सिनेमाला गेल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

अण्णा गेले तोवर मी त्यांना हे सांगितलं नाही. आईला अजूनही नाही.